लोन एल्मचं मतदान

विलो फोर्क ही शाळांच्या खेळांची लीग बंद करायचं जानेवारीत ठरलं आणि तिचा इतिहास लिहायचं काम अर्डिथ नोवोटनीच्या गळ्यात पडलं. दुसरं होतंच कोण? टॉलिव्हरच्या शाळेच्या कचेरीत तिने एकोणचाळीस वर्षं काढली होती. त्यातली बरीचशी वर्षं ती लीगची चिटणीस होती आणि निवृत्त झाल्यावरही इतिवृत्ताची वही तिच्याकडेच राहिली होती, कारण ती वही परत मागावी असं कोणाला सुचलंच नव्हतं. टॉलिव्हरचे तरुण मुख्याध्यापक ब्रेट ओस्लर स्वतः तिच्या घरी आले, स्वयंपाकघरात बसून कॉफी प्याले आणि म्हणाले, "बाई, शेवटच्या स्पर्धेच्या पत्रकात दोन पानं तुमची. कशी सुरुवात झाली, कोण कोण होतं, सगळं लिहा. आता हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

अर्डिथला पंचाहत्तरावं लागलं होतं. नवरा लिओनार्ड जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी जोडी डेन्व्हरला. हिवाळा असा की आठ-आठ दिवस वारा थांबत नव्हता आणि रस्त्यावर चिटपाखरू दिसत नव्हतं. तिने टेबलावर वह्या मांडल्या. एकूण पाच होत्या. पहिलीच्या कव्हरवर कोणीतरी शाईच्या वळणदार अक्षरात १९३१ असं लिहिलं होतं.

सुरुवातीची पानं तिने भराभर लिहिली. एकतीस साली पश्चिम कॅन्ससच्या त्या भागात आठ गावांचे आठ मुख्याध्यापक मार्नच्या एका चर्चच्या तळघरात जमले आणि त्यांनी ठरवलं की मोठ्या शहरांच्या शाळांशी खेळून मार खाण्यापेक्षा आपण आपसात खेळावं. टॉलिव्हर, मार्न, गिल्डर, पिकेट, ऑड्रा, हेबर, सेंट वेंडल आणि लोन एल्म. एकाही गावात हजार माणसं नव्हती. धुळीच्या वर्षांत पोरं धान्याच्या ट्रकमध्ये मागे बसून, तोंडाला ओला रुमाल बांधून सामन्याला जायची. एका सामन्यात तर धूळ जिममध्ये शिरली आणि समोरची बास्केटच दिसेना, तेव्हा दोन्ही बाजूंच्या कोचनी सामना बरोबरीत सोडवला. पत्रकात तिने ते लिहिलं. युद्धाच्या वर्षी पेट्रोल नव्हतं म्हणून एक अख्खा हंगाम झालाच नाही, तेही लिहिलं. पन्नास साली पिकेटने ओळीने चव्वेचाळीस सामने जिंकले होते. त्र्याहत्तर साली मुलींचे संघ आले आणि ऑड्राच्या मुख्याध्यापकांनी मुलींच्या सामन्याला दिवे पूर्ण लावायला नकार दिला, तेव्हा मुलींच्या आयांनी गाड्या आणून जिमच्या खिडक्यांसमोर उभ्या केल्या आणि गाड्यांच्या दिव्यांत पोरी खेळल्या. हे लिहिताना अर्डिथ एकटीच हसली.

मग शाळा गळू लागल्या. शेतं मोठी झाली, घरं कमी झाली, पोरं उरली नाहीत. आता तीनच शाळा राहिल्या होत्या, टॉलिव्हर, मार्न आणि गिल्डर, आणि पुढच्या वर्षी त्याही वेगवेगळ्या दूरच्या लीगमध्ये जाणार होत्या. कोणती शाळा कोणत्या साली गेली याची ओळ तिने वहीतून उतरवून घेतली. हेबर बासष्ट साली. ऑड्रा पंच्याण्णव साली. हेबरच्या जागी आलेलं ब्रॅम्वेल दोन हजार एक साली. पिकेट आणि सेंट वेंडल दोन हजार चार साली, एकाच उन्हाळ्यात. तेवढ्याने भागलं असतं. पण या ओळीत लोन एल्म लिहायचं तर शाळा बंद झाली ते अठ्ठ्याऐंशी साल लिहायचं, की लीगने तिला काढून टाकलं ते शहाऐंशी, याच्यापाशी तिचा हात अडला. तिने वही मिटली आणि तीन दिवस टेबलाकडे फिरकली नाही.

त्या बैठकीचं इतिवृत्त तिच्याच हातचं होतं. मार्च शहाऐंशी. हेबर आधीच बंद झालेलं, त्याच्या जागी ब्रॅम्वेल आलेलं, म्हणजे तेव्हाही शाळा आठच. लोन एल्मच्या हायस्कुलात एकतीस मुलं उरली होती. फुटबॉलचा संघ उभा राहीना. त्यांनी दोन सामने न खेळताच सोडले आणि ज्यांच्या मैदानावर ते व्हायचे होते ती गावं चिडली. टॉलिव्हरचे तेव्हाचे मुख्याध्यापक रॉस पेनिंग्टन लीगचे अध्यक्ष होते. त्यांनी ठराव आणला की पुढल्या वर्षापासून लोन एल्मला लीगच्या वेळापत्रकातून वगळावं.

लोन एल्मच्या बाजूने बोलायला त्यांचा कोच आला होता, एमेट हॉल्मक्विस्ट. एक्कावन्न वर्षांचा, काटक, बोलायची सवय नसलेला माणूस. गावात मुख्याध्यापकही तोच, शाळेची बसही तोच चालवायचा. त्याने शांतपणे सुरुवात केली. फुटबॉल सोडतो, पण बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आणि धावण्याच्या शर्यती राहू द्या, एवढंच त्याचं मागणं होतं. लीगमधून गेलो तर सामन्यासाठी शंभर-शंभर मैल जावं लागेल, मग आईबाप पोरं काढून घेतील आणि शाळा दोन वर्षांत बसेल. पेनिंग्टन मध्येच घड्याळाकडे पाहू लागले, कोणीतरी खोकलं, आणि एमेटचा तोल गेला. टेबलावर मूठ आपटून तो म्हणाला होता, "तुम्ही गिधाडं आहात. जनावर मरायच्या आधीच भोवती बसलात. आमची पोरं तुमच्या शाळेत आली की तुमची भर होईल, एवढंच तुम्हाला दिसतंय. आज आमची पाळी आहे, उद्या तुमची येईल."

त्याला बाहेर पाठवून सात शाळांनी चिठ्ठ्या टाकल्या. अर्डिथने त्या मोजल्या. चार 'हो', तीन 'नाही'. पेनिंग्टननी ठराव मंजूर झाल्याचं सांगितलं आणि बाहेर जाऊन एमेटच्या कानावर घातलं.

वहीत इथवरच होतं.

त्यानंतर जे झालं ते वहीत नव्हतं. बैठक संपवून अर्डिथ गाड्या लावल्या होत्या तिथे आली, तेव्हा सेंट वेंडलचे म्हातारे मुख्याध्यापक अलॉइस ड्रायलिंग तिच्या शेजारी आले. त्यांना ऐकू कमी यायचं, कानातलं यंत्र सारखं शिट्टी मारायचं. ते हसत होते. म्हणाले, "बरं झालं बाई. एका मताने का होईना, पोरं राहिली. मी 'हो' लिहिलं. एमेट तापट आहे, पण चुकीचं काय बोलला?"

अर्डिथच्या तेव्हाच लक्षात आलं. म्हाताऱ्याने ठराव नीट ऐकलाच नव्हता. लोन एल्मला ठेवायचं का, असा तो प्रश्न समजला होता. त्याचं 'हो' म्हणजे खरं तर 'नाही' होतं. चार विरुद्ध तीन उलट्या बाजूने झालं होतं. लोन एल्म जिंकलं होतं.

एमेटची गाडी अजून तिथेच होती. वीस पावलांवर. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत बसला होता. आत पेनिंग्टन आणि बाकीचे कोट चढवत होते. तिने हाक मारली असती तर सगळे दोन मिनिटांत पुन्हा टेबलाभोवती बसले असते.

पण आदल्याच आठवड्यात पेनिंग्टननी तिला खोलीत बोलावून सांगितलं होतं की लोन एल्मची पोरं आली तर आपली शाळा पंधरा वर्षं निर्धास्त, नाही आली तर कपात कचेरीपासून सुरू करावी लागेल. लिओनार्ड धान्याच्या कोठारावरून पडून पाठ मोडून घरात पडला होता. जोडी आठवीत होती. अर्डिथ ड्रायलिंगना म्हणाली, सांभाळून जा, रस्त्यावर बर्फ आहे. मग तीही गाडीत बसली आणि घरी गेली. उद्या सांगू, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

गुरुवारी साप्ताहिकात बातमी आली आणि ड्रायलिंगचा फोन आला. छापणाऱ्यांनी उलटं छापलंय, असं ते म्हणत होते. अर्डिथने आवाज चढवून, एकेक शब्द तोडून त्यांना सांगितलं, "छापलंय ते बरोबर आहे. तुमचं मत लोन एल्मच्याच बाजूने धरलं होतं. तरी हरले ते." म्हातारा एवढंच म्हणाला, "अरेरे." जूनमध्ये ते निवृत्त होऊन लेकीकडे कोलोरॅडोला गेले आणि वर्षभरात वारले. चिठ्ठ्या अर्डिथने त्याच दिवशी शाळेच्या बॉयलरमध्ये टाकल्या होत्या. पेनिंग्टनना तिने काही सांगितलं नाही. लिओनार्डलाही नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात लोन एल्मची शाळा बंद झाली. सप्टेंबरात बावीस मुलं बसने टॉलिव्हरला आली. अर्डिथनेच त्यांची नावं नोंदवून घेतली, त्यांना कपाटांच्या किल्ल्या दिल्या. मुलं रोज बेचाळीस मैल जाऊन-येऊन करायची आणि डब्याच्या वेळी एकाच टेबलाशी बसायची. त्यांच्या गावातलं दुकान गेलं, मग टपाल कचेरी, मग चर्चचा पाद्री दर दुसऱ्या रविवारी येऊ लागला. टॉलिव्हर मात्र टिकलं. जोडी शिकली, लिओनार्ड उठून कामाला लागला, अर्डिथला निवृत्तीच्या वेळी भिंतीवरचं घड्याळ मिळालं. लोक म्हणायचे, एवढी चोख बाई शोधून सापडायची नाही.

चौथ्या दिवशी तिने कोट चढवला आणि गाडी काढली.

एमेट हॉल्मक्विस्ट अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन कौंटीच्या मुख्य गावातल्या वृद्धाश्रमात होता हे तिला माहीत होतं. वाटेत लोन एल्म लागतं. जिम अजून उभी होती. एका शेतकऱ्याने ती विकत घेऊन आत सूर्यफुलाच्या बियांच्या गोण्या रचल्या होत्या, दाराला साखळी होती. दहा-बारा घरांपैकी तीन घरांच्या धुराड्यांतून धूर निघत होता. तिने गाडी थांबवली नाही.

एमेट खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. शरीर आटलं होतं पण नजर तीच. त्याने तिला लगेच ओळखलं.

"टॉलिव्हरची चिटणीस," तो म्हणाला. "माझ्याकडे कशाला आलीस? मेलो का बघायला?"

"नाही, कोच. तुम्हाला एक सांगायचंय."

"बस मग. उभ्याने सांगण्यासारखं दिसत नाही."

तिने बसून सांगितलं. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही. ड्रायलिंगचं 'हो', गाड्यांपाशी झालेलं बोलणं, गुरुवारचा फोन, बॉयलर, सगळं तिने एका दमात सांगितलं. फोनवर बोललेलं खोटं तिला सगळ्यात जड गेलं, तेव्हा तिने खाली फरशीकडे पाहिलं. कपातीचं आणि लिओनार्डच्या पाठीचं तिने सांगितलं नाही. ते सांगणं म्हणजे सूट मागणं झालं असतं.

एमेटने मान खिडकीकडे वळवली. बाहेर एक बाई वॉकर पुढे ढकलत गेली आणि परत आली. मग त्याने विचारलं, "म्हणजे आम्ही जिंकलो होतो."

"हो."

"चार-तीन."

"हो, कोच."

"तुला माहीत आहे का, गावात काय म्हणायचे?" तो खिडकीकडे बघत बोलत होता. "म्हणायचे, एमेटने तोंड आवरलं असतं तर शाळा वाचली असती. तोंडावर कोणी बोललं नाही. पण मी दुकानात शिरलो की बोलणं थांबायचं. शाळेचं सामान लिलावात गेलं त्या दिवशी एक जण हसत म्हणाला, गिधाडं आली बघ कोच, बोलव त्यांना. माझाच शब्द." तो थांबला. "डेल्फा एकदाच बोलली. शाळेत स्वयंपाक करायची ती, वीस वर्षं. शेवटच्या दिवशी भांडी घासून पुसून ठेवली आणि म्हणाली, एका मताने गेलं, एमेट. तू मूठ आपटली नसतीस तर ते एक मत आपलं होतं. पुन्हा कधी तिने विषय काढला नाही. मीही काढला नाही. पण ते आमच्यात राहिलं. जेवताना, झोपताना, गाडीतून जाताना."

अर्डिथ म्हणाली, "मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार? डेल्फाला जाऊन अकरा वर्षं झाली." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिलं. "बारा वर्षांपूर्वी आली असतीस, तर मी तिला सांगितलं असतं."

ती पर्स मांडीवर धरून बसून राहिली.

"आता का आलीस?"

"लीगचा इतिहास लिहायला सांगितलाय. लोन एल्मपाशी अडले."

"इतिहास," एमेट म्हणाला. त्याने घशातल्या घशात काहीतरी आवाज केला, हसला की खाकरला ते तिला कळलं नाही. "पत्रकात लिहिशील आणि लोक त्याच्यावर पॉपकॉर्न ठेवतील. ते नको. खोटं जिथे लिहिलंस ना, तिथे लिही. त्या वहीत. आणि चार माणसांसमोर वाच."

तिने मान हलवली. जाताना हात पुढे करावा का, हे तिला ठरवता आलं नाही. त्याने डोळे मिटले होते.

तरी तिने पत्रकातही लिहिलं. घरी येऊन तिने लोन एल्मचा परिच्छेद पूर्ण केला, जसं घडलं तसं, आणि दोन पानं ब्रेट ओस्लरच्या हाती दिली. दुसऱ्या दिवशी ते पानं घेऊन पुन्हा तिच्या घरी आले. माणूस भला होता, बोलताना त्याच्या कपाळावर घाम आला होता. म्हणाले, "बाई, हे मी छापू शकत नाही. शेवटचा दिवस आहे. तिन्ही गावं रडायला येणार आहेत, त्यांना भांडायला विषय कशाला द्यायचा? आणि पुरावा तरी काय आहे? तुम्ही सोडून त्या खोलीतलं कोणी जिवंत नाही."

"एमेट आहे."

"ते बाहेर उभे होते ना?"

ते खरंच होतं. अर्डिथने हुज्जत घातली नाही. फक्त दोन पानांखालचं आपलं नाव काढायला सांगितलं. ब्रेटनी ते मान्य केलं आणि त्यांना हायसं वाटल्याचं लपलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी टॉलिव्हरच्या जिममध्ये लीगची शेवटची स्पर्धा झाली. स्टँड गच्च भरले. जुने खेळाडू सुटलेली पोटं घेऊन शाळेची जाकिटं घालून आले होते. स्वयंपाकघरातून बीन्स-मांसाच्या चिलीचा आणि दालचिनीच्या रोलचा वास येत होता. अर्डिथ नेहमीसारखी गुण लिहायला टेबलाशी बसली. मुलींत गिल्डर जिंकलं, मुलांत मार्न. बंद झालेल्या शाळांची नावं माइकवरून एकेक करून वाचली गेली, ज्या त्या गावची माणसं उभी राहिली आणि टाळ्या झाल्या. लोन एल्मचं नाव आलं तेव्हा वरच्या कोपऱ्यात पाच जण उठले. त्यांच्यात लोरीन शुल्टिस होती, एके काळी अर्डिथबरोबर चर्चच्या गायनात उभी राहणारी. अर्डिथने टाळी वाजवायला हात उचलले आणि पुन्हा वहीवर ठेवले.

सोमवारी दुपारी शाळेच्या वाचनालयात लीगची शेवटची बैठक होती. तिन्ही मुख्याध्यापक आले. ब्रेट, गिल्डरच्या डॅना कुचेरा आणि मार्नचा टाय बेकेमायर. टायचा जन्मही शहाऐंशी साली झालेला नव्हता. एकच ठराव होता, लीग विसर्जित करण्याचा. पण सुरुवातीला मागच्या इतिवृत्ताला मंजुरी घ्यायची रीत असते. डॅनांनी नेहमीप्रमाणे विचारलं, काही दुरुस्ती?

"आहे," अर्डिथ म्हणाली. "मागच्या बैठकीची नाही. बारा मार्च एकोणीसशे शहाऐंशीची."

ब्रेटनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. त्यांनी तिला थांबवलं नाही.

तिने चौथी वही उघडली. लिहून आणलेला कागद टेबलावर ठेवला. ओळींवर बोट ठेवत तिने तो वाचला. सेंट वेंडलचं मत चुकीच्या बाजूला मोजलं गेलं. चूक चिटणिसाला त्याच दिवशी कळली. चिटणिसाने ती लपवली, नंतर मत देणाऱ्यालाच खोटं सांगितलं आणि चिठ्ठ्या नष्ट केल्या. ठराव खरं तर तीन विरुद्ध चार मतांनी नामंजूर झाला होता. लोन एल्म हायस्कूल लीगमध्ये होतं. चिटणीस, अर्डिथ एम. नोवोटनी.

टायने घसा साफ केला. "मग आज लोन एल्मचा माणूस कुठाय?" तो म्हणाला. "त्यांचं मत नको का घ्यायला?" विनोद करायला तो गेला होता, पण बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. "माफ करा," तो हळूच म्हणाला.

डॅना कुचेरांनी वही स्वतःकडे ओढून जुनं पान वाचलं. त्यांचं माहेर ब्रॅम्वेलचं, त्या गावची शाळाही दोन हजार एक साली बंद झालेली. त्यांनी विचारलं, "बाई, हे मंजूर केलं तर काय बदलेल?"

"काहीच नाही."

"मग?"

"खोटं लिहिलेलं आहे ते. माझ्या हातचं."

तिघांनी हात वर केले. दुरुस्ती मंजूर झाली. त्यानंतर लीग विसर्जित करण्याचा ठराव आला, त्यालाही तीनच हात वर गेले. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. ब्रेटनी कॉफी मागवली होती, पण प्यायला कोणी थांबलं नाही.

अर्डिथने दुरुस्तीची एक प्रत साप्ताहिकाला दिली. त्यांनी ती सहाव्या पानावर, ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली छापली. रॉस पेनिंग्टनचा मुलगा दुकानात भेटला तेव्हा म्हणाला, मेलेल्या माणसाला बोलता येत नाही म्हणून त्याला चिखलात ओढू नका. त्याच्या वडिलांना काही माहीत नव्हतं हे तिने सांगितलं, पण त्याने ऐकून घेतलं नाही. एका संध्याकाळी फोन वाजला, पलीकडून कोणाचा तरी श्वास ऐकू आला आणि फोन ठेवला गेला. ती लोरीन असावी असं तिला वाटलं. जोडीला तिने स्वतःच सांगितलं. जोडी म्हणाली, "आई, त्या शाळेतून आलेल्या पोरींबरोबर मी दोन वर्षं खेळले. एक तर माझ्या लग्नात होती." "माहीत आहे," अर्डिथ म्हणाली. "तुला माहीत होतं आणि तू तिच्या डोक्यात फुलं माळलीस," जोडी म्हणाली. त्यानंतर तिचे फोन महिन्यावर गेले.

एमेटला तिने प्रत नेऊन दिली. त्याला बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून त्याने वाचून दाखवायला सांगितलं. तिने वाचलं. त्याने पुन्हा वाचायला सांगितलं. दुसऱ्या वेळी 'लोन एल्म हायस्कूल लीगमध्ये होतं' या वाक्यापाशी त्याने हात वर करून तिला थांबवलं आणि तेवढंच वाक्य आणखी एकदा वाचायला लावलं. मग कागद घेऊन घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"पुन्हा येऊ का?" तिने विचारलं.

"नको," तो म्हणाला. रागाने नाही, विचार करून. "तुला बघितलं की मला ते सगळं पुन्हा मोजावं लागतं."

ती गेली नाही. गव्हाची कापणी उरकत होती त्या आठवड्यात तो वारल्याचं तिला साप्ताहिकातून कळलं. अंत्यविधी लोन एल्मच्या चर्चमध्ये होता. बाकी गाव उरलं नसलं तरी दफनभूमी होती आणि तिथे डेल्फाच्या शेजारी जागा राखलेली होती. अर्डिथ सगळ्यात मागच्या बाकावर बसली. साठएक माणसं आली होती, बरीचशी एमेटच्या हाताखाली खेळलेली, केस पिकलेली. पाद्री बाहेरगावचा होता, त्याने कोचच्या शिस्तीबद्दल सांगितलं. मतदानाचा विषय कोणी काढला नाही. तो कागद त्याच्या खिशातच राहिला होता की आश्रमातल्या बायकांनी खोली आवरताना टाकून दिला होता, हे तिला विचारावंसं वाटलं, पण विचारणार कोणाला?

खड्ड्यावर माती पडली. मग लोक जेवायला चर्चच्या तळघरात उतरू लागले. लोरीन शुल्टिस दारात उभी राहून आत जाणाऱ्यांचे हात हातात घेत होती. तिने अर्डिथला पाहिलं. अर्डिथ थांबली. लोरीनने मान वळवली नाही, हातही पुढे केला नाही. तिच्या मागून एक म्हातारा काठी टेकत आला, त्याला वाट करून द्यायला अर्डिथ बाजूला झाली, आणि बाजूला झाली ती तशीच चालत गाडीपर्यंत गेली.

एकवीस मैलांच्या त्या रस्त्यावर अर्धी वाट दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाचे खुंट होते. घरी पोचल्यावर तिने बूट काढले, चहा ठेवला आणि पाचही वह्या एका खोक्यात भरल्या. कौंटीच्या वस्तुसंग्रहालयात त्या द्यायच्या होत्या. खोक्यावर काय लिहावं याचा तिने थोडा विचार केला. मग आठही शाळांची नावं लिहिली, एकाखाली एक, पहिल्या वहीत होती त्याच क्रमाने, आणि पेनाचं टोपण लावलं.